दहाच्या ठोक्याला गाणं थांबतं, भाषण नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या गावातल्या एका संगीत महोत्सवाची बातमी छायाचित्रासह आली होती. ‘स्वरवर्षावात रसिक चिंब’ असा मथळा होता. छायाचित्रात मात्र गाणारी बाई नाही की वाजवणारा कोणी नाही. शाली पांघरलेली दहा-बारा माणसं ओळीनं उभी आणि मधे समई. त्या चिंब झालेल्या रसिकांपैकी मी एक. अकराव्या रांगेत, मांडवाच्या खांबाला लागून बसले होते. त्या संध्याकाळी काय काय झालं हे बातमीत आलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण ध्वनिवर्धकाबद्दल लिहिलंय तेवढं कृपा करून ठेवा.

मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. स्वतः बरीच वर्षं गाणं शिकले, पण मैफलीत गाण्याइतकी तयारी झाली नाही. त्याचं आता काही वाटत नाही. बाहेरगावचे कलाकार कोल्हापुरात आले की तानपुऱ्याला बसायला मला बोलावणं यायचं, अजूनही अधूनमधून येतं. त्यामुळं मैफल मी दोन्ही अंगांनी पाहिली आहे. समोर बसणाऱ्याला कलाकाराचा चेहरा दिसतो. तानपुऱ्यावर बसणारीला त्याची मान दिसते, खांदे दिसतात, कानामागनं उतरणारा घाम दिसतो, आणि सगळे श्रोते दिसतात. कोण ऐकतंय, कोण पत्रिकेनं वारा घेतंय, कुणाची हनुवटी मोबाइलच्या उजेडात निळी झालीय, काही लपत नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. निवेदक शेवटी आपलंही नाव घेतो, बहुतेक वेळा चुकीचं. तेही हसून नमस्कार करून घ्यायचं.

तर त्या संध्याकाळबद्दल. पत्रिकेवर वेळ सहाची. साडेपाचपासून मागच्या खुर्च्या भरलेल्या, पुढं सोफ्यांच्या दोन रांगा ‘राखीव’ची चिठ्ठी लावून मोकळ्या. पावणेसातला दीपप्रज्वलन सुरू झालं. शेजारी उभा पंखा जोरात चालू, त्यामुळं वात काही धरेना. एकानं काडी ओढली, दुसऱ्यानं ओंजळ धरली, तिसऱ्यानं मेणबत्ती आणली. पंखा बंद करायचं कुणाच्या डोक्यात येईना. शेवटी पुढच्या रांगेतली एक शाळकरी पोरगी उठली आणि तिनं बटण दाबलं. त्या दिवशी पहिली टाळी तिला पडली आणि ती योग्यच होती. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रायोजकांच्या नव्या इमारतींची चित्रफीत. मग सत्कार. हल्ली श्रीफळाऐवजी रोप देतात, चांगली गोष्ट आहे, पण रोप देताना, घेताना आणि दोघांनी मिळून धरलेलं असताना असे तीन फोटो निघतात. प्रमुख पाहुण्यांनी ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ अशी सुरुवात केली आणि पुढची वीस मिनिटं पुराव्यासह ते पटवून दिलं.

पहिला गायक तरुण होता. त्याला अर्धा तास. पूरिया कल्याण बरा मांडला पोरानं, घाबरला होता तरी सूर सोडला नाही. तो उतरला आणि मुख्य गायिका येणार तोच एक मोठे पाहुणे उशिरा पोचले. पुन्हा सत्कार, पुन्हा चार शब्द. तोवर तानपुरे रंगमंचावर येऊन बसले होते, दिव्यांच्या झोतात. लाकूड आणि तार ऊन खातात आणि उतरतात. खोलीत तासभर बसून लावलेलं सगळं भाषणाच्या दहा मिनिटांत गेलं. मागं बसलेल्या दोघी मुली पाहुण्यांच्या आवाजाखाली मणी सरकवून तारा जुळवायच्या प्रयत्नात होत्या. आपलीच तार ऐकू येत नसताना ती जुळवायची कशी, हे मी पुष्कळदा भोगलंय.

गायिका नऊच्या पुढं बसल्या. संपूर्ण मालकंस काढला. कोल्हापुरात हा राग काढायचा म्हणजे उगाच नव्हे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब (1855–1946) शाहू महाराजांच्या दरबारी इथं आले, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँसाहेब इथंच राहून शिकवत. बिहागडा, बसंती केदार, संपूर्ण मालकंस ही त्यांच्या घराण्यातल्या रागांची नावं आमच्याकडं न गाणाऱ्या माणसालाही ऐकून माहीत असतात. बाईंनी सावकाश विलंबित सुरू केलं. आवाज अजून बसायचा होता. मंद्रात धैवत-निषाद चाचपत होत्या, तबलजी समजून घेत होता. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, जरा कुठं दिसायला लागली तर पडद्याआडनं एक कार्यकर्ता वाकून आला आणि त्यानं पुढ्यात चिठ्ठी ठेवली. बाईंनी वाचली आणि स्वरमंडळाखाली सरकवली. गात राहिल्या. पाच मिनिटांनी तोच कार्यकर्ता समोर उभा राहून मनगटावर बोट आपटायला लागला. त्यांनी अंतरा न भरता ख्याल आवरला, दुगुनीतली एक छोटी चीज गायल्या आणि पत्रिकेत ‘अभंग’ छापलाय म्हणून एक अभंग, दोनच कडवी. दहाला गाणं थांबलं. त्यानंतर त्याच माइकवरून आभारप्रदर्शन झालं, ते सव्वादहापर्यंत चाललं. कायद्याचा धाक गाण्याला होता, आभाराला नव्हता.

आता कुणी म्हणेल, बाई, थोडं कमी गायलं तर काय बिघडलं? जुन्या तबकड्या तीन मिनिटांच्याच होत्या की. होत्या. पण तबकडी म्हणजे मैफल नव्हे, आणि त्या तीन मिनिटांत सगळं बसवणारी माणसं मैफलीत तासन्‌तास गायची. आवाज हा काही नळ नाही, सोडला की आला. फार वर्षांपूर्वी एका बुजुर्ग गायकांच्या मागं मी तानपुऱ्यावर होते. थंडीचे दिवस, प्रवासाचा शिणवटा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं षड्जच, म्हणजे ‘सा’च, लागत नव्हता. लागायचा, पण काठावर. श्रोत्यांत चुळबुळ सुरू झालेली मला दिसत होती, दोघंतिघं उठून चहाला गेली. गायकांनी मान मागं वळवून मला हळूच सांगितलं, ‘जोड जराशी वर घ्या, बाई.’ जोडीच्या, म्हणजे तानपुऱ्यातल्या षड्जाच्या दोन तारा मी केसभर चढवल्या. ते पुन्हा षड्जावर आले, तिथं थांबले, थांबूनच राहिले. खांदे खाली आले. मागनं मला फक्त खांदेच दिसत होते, पण त्यावरून कळलं की आता बसलं. पुढं पाऊण तास जे गाणं झालं ते त्या हॉलमधल्या कुणी विसरलं नसेल. चहाला गेलेले परत आले ते दारातच उभे राहिले, कारण मधनं वाट काढत खुर्चीपर्यंत जायची त्यांची हिंमत झाली नाही.

ती पहिली पंचवीस मिनिटं वाया गेली का? घरी यूट्यूबवर मी ती पुढं ढकलली असती. तिथं बसून ऐकली, म्हणून नंतरचं काय आहे ते कळलं. मैफलीला जायचं ते ह्याचसाठी, नाहीतर घरबसल्या जगातलं उत्तम गाणं कानात घालता येतं. माझ्याकडं शिकणारी मुलं मला हेच विचारतात, तीनशे रुपये कशाला घालवायचे म्हणून. मी सांगते, रेकॉर्डिंगमध्ये जे जमलंय तेच मिळतं, समोर बसलं की जमवताना बघायला मिळतं. आणि आपल्याकडं नेमकी ही जमवायची वेळ सत्कारात जाते. कलाकार बसतो तेव्हा त्याच्याकडं पन्नास मिनिटं उरलेली असतात, आणि आवाज बसायलाच पंचवीस लागतात. मग तो काय करणार? धोका पत्करत नाही. ठरलेला राग, ठरलेल्या ताना, टाळ्यांच्या जागा. लोक म्हणतात, अमुक हल्ली तेच तेच गातो. अहो, गाऊ दिलंत का त्याला दुसरं काही?

खासबागेच्या मैदानात पैलवान लांग कसून उतरले आणि पंच म्हणाले, थांबा, आधी सत्कार, तर पब्लिक ऐकून घेईल का? ‘कुस्ती लावा’ म्हणून मैदान डोक्यावर घेतील. गाण्याचे श्रोते मात्र सभ्य. आम्ही घड्याळ बघतो, एकमेकांकडं बघतो आणि टाळ्या वाजवतो. काही आयोजकांनी आमच्या या सभ्यपणाचा चांगला उपयोग करून घेतलाय.

दहाच्या वेळेबद्दल जरा स्पष्ट लिहिते, कारण त्याबद्दल बराच गोंधळ आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. मला हा नियम मान्य आहे. माझ्या घराजवळ मंगल कार्यालय आहे, त्यामुळं तर फारच मान्य आहे. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला, आवाज आतल्या आत राहात असेल तर, वगळलेलं आहे. म्हणजे नाट्यगृहात दहाला गाणं थांबतं ते या नियमामुळं नव्हे, तर सत्राचं भाडं संपतं आणि दार लावणारा माणूस किल्ल्या घेऊन उभा असतो म्हणून. मांडवात बसवायचं असेल तर दहाची भिंत आहे हे पत्रिका छापतानाच ठाऊक असतं. भिंत हलत नाही, मग अलीकडचं सामान हलवायला नको का?

या दहाच्या भिंतीनं आणखी एक झालंय. सहा ते दहा एवढ्याच पट्टीत सगळं गाणं कोंबायचं म्हटल्यावर यमन, मारुबिहाग, बागेश्री, रागेश्री यांच्या पलीकडं जायला वाव राहात नाही. मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग ऐकायला दुपारी चारला कोण येणार, आणि ललत, तोडी हे पहाटे-सकाळचे तर विचारूच नका. पूर्वी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्र रात्रभर चालायची. भीमसेनजींनी 1953 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. रमणबागेच्या मैदानात डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, शालीवर घोंगडी, आणि मध्यरात्रीनंतर लागलेला दरबारी. पहाटे भारतीय बैठकीत माणसं एकमेकांच्या खांद्यावर पेंगायची आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेला, बरोबर मान उचलायची. एकदा शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनी न विचारता निम्मी रजई माझ्या पायावर टाकली होती. त्यांनी नाव विचारलं नाही, मीही नाही. सकाळी दोघींनी मिळून मिसळ खाल्ली आणि आदल्या रात्रीच्या सतारवादनावरून कडाक्याचं भांडण केलं. असलं भांडण करायला मिळणं हा मैफलीला जाण्यातला निम्मा आनंद आहे. मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभं राहून ‘निषाद उतरला होता’ आणि ‘तुमचे कान उतरलेत’ असं बोलता आलं पाहिजे. हे घरच्या सोफ्यावर होत नाही.

ती रात्र परत आणा असं मी म्हणत नाही. पण सकाळी सहानंतर तर बंदी नाही ना? रविवारी साडेसहाला मैफल ठेवा. दिवाळी पहाटेला आपण अंघोळ करून, नटूनथटून पाचला रांगा लावतो, म्हणजे पहाटे उठता येतं हे सिद्ध झालंय. फक्त दिवाळी पहाटेत गाण्यांच्या मधे जो निवेदक असतो तो नको. प्रत्येक गाण्याआधी आम्हाला काय वाटणार आहे हे तो सांगतो, आणि गाणं झाल्यावर आम्हाला काय वाटलं तेही.

आता ध्वनिवर्धक. बातमीत ‘अत्याधुनिक ध्वनियंत्रणा’ असा उल्लेख होता. यंत्रणा अत्याधुनिक होती यात शंका नाही. डग्ग्यावर थाप पडली की माझ्या छातीत धडकी भरत होती आणि हार्मोनियम गाण्याच्या वर चढून बसली होती. तानपुरा कुठंच नव्हता. दोन तानपुरे, दोन मुली, दोन माइक, आणि कानाला एक अक्षर नाही. तानपुरा शोभेला ठेवलाय असं वाटत असेल तर तसं सांगा, त्या पोरींना तरी पाय मोकळे करता येतील.

तानपुरा चांगला लागला की काय होतं, हे ज्यांनी जवळून ऐकलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. चार तारा: पंचम, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. मालकंसासारख्या रागात पंचमाच्या जागी मध्यम. घोडीवर प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा एक बारीकसा तुकडा असतो. तो नखानं इकडचा किंचित तिकडं केला की आवाज कोरडा असतो तो एकदम खुलतो, त्याला जवारी बसली म्हणतात. सगळं जुळलं की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. गंधाराची तार तानपुऱ्याला नाहीच. तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. गाणारा त्या गंधारात आपला गंधार मिसळतो तेव्हा दोन्हींतला कुठला कुणाचा हे कळत नाही. मी नवखी असताना पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेजारी कुणीतरी हळूच गातंय असं वाटून मी मान वळवून बघितलं होतं. हे ऐकायला महागडी यंत्रणा लागत नाही. आवाज निम्मा केला तरी पुरतं.

त्या दिवशी मध्यंतरात मी ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी गेले. विशीतला पोरगा होता. लग्नाच्या वरातीत हाच डीजे लावतो, हे त्यानंच सांगितलं. म्हटलं, ‘बाळा, जरा कमी कर.’ तर म्हणाला, ‘मॅडम, कमी केला की मागचे ओरडत्यात.’ म्हटलं, चल, मागं जाऊन ऐकू. आला बिचारा. शेवटच्या रांगेच्याही मागं, चपला ठेवल्या होत्या तिथं आम्ही दोघं उभे राहिलो. तरुण गायकाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर चालू होतं, तेवढा आवाज सोडला तर शांत होतं. तो म्हणाला, ‘मॅडम, हिथं तर दणका बसतोय की.’ परत जाऊन त्यानं तबल्याचा खालचा आवाज उतरवला, तानपुऱ्याचे दोन्ही माइक थोडे उघडले आणि मला लांबूनच अंगठा दाखवला. मुख्य गायिकांच्या गाण्यात पहिली दहा मिनिटं तरी तानपुरा ऐकू आला. नंतर सोफ्यावरून कुणीतरी उठून त्याला ‘आवाज वाढव’ असं खुणावलं आणि झालं सगळं पूर्ववत. त्या मुलाचा दोष शून्य. त्याला कुणीतरी एकदा दुपारी बसवून, तानपुरा कानाजवळ धरून ऐकवायला हवा. मी ऐकवीन. तास लागणार नाही.

सगळंच वाईट चाललंय असा सूर लागत असेल तर तोही बरोबर नाही. मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं. खाँसाहेब 1937 साली मद्रासकडच्या एका लहानशा स्टेशनवर गेले, पण माती मिरजेची मिळाली. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या, तिकीट नाही. बाहेर उरुसाची जत्रा, पोरांच्या पिपाण्या, भज्यांच्या कढईचा वास. गोंगाट आमच्या मांडवापेक्षा जास्त, पण गाणं होतं. कलाकार हजेरी लावायला म्हणून येतो, बसतो, सूर लावतो. श्रोत्यांत सतार-तानपुरे बनवणारे कारागीर असतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांना त्याआधीही कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. तार एक बाल उतरली तरी त्यांच्यातला कुणीतरी भुवई उडवतो आणि गाणाऱ्याला ती दिसते. मी तिथं पुढं बसायला कचरते, एवढं सांगते. कोल्हापूरहून गाडीनं तासाभराचं अंतर. जाताना डबा बांधून नेते, येताना गाडीत गाणं आठवत बसते. त्याला खर्च जवळपास नाहीच.

तेव्हा पैसे नाहीत म्हणून मैफली बिघडतात हे मला पटत नाही. प्रायोजक नकोत असंही मी म्हणत नाही, तबलजीचं घर टाळ्यांवर चालत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. प्रायोजकांचा सत्कार जरूर करा. आदल्या दिवशी करा, कलाकारांसोबत जेवायला बोलावून करा, पत्रिकेच्या मागच्या पानावर मोठा फोटो छापा. व्यासपीठावरच करायचा असेल तर गाणं संपल्यावर करा आणि बघा किती जण थांबतात. थांबले तर मी माझे शब्द मागं घेते.

जाता जाता आपल्या नाट्यगृहाबद्दल. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेली वास्तू. त्या रात्री गावातली पुष्कळ माणसं रस्त्यावर उभी होती, त्यावर मी आणखी लिहीत नाही. आता ते पुन्हा बांधतायत. रंग कुठला, कमान कशी यावर खूप चर्चा होते. माझ्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. कलाकारांच्या खोलीत तानपुरे दुपारपासून ठेवता येतील असा एक कोपरा, जिथं वातानुकूलनाचा झोत थेट येणार नाही. आवाज न करणारे पंखे. दार असं की उशिरा येणाऱ्यानं उघडलं तर करकरणार नाही. आणि एक मोठं घड्याळ, रंगमंचावरून बोलणाऱ्याला समोर दिसेल असं. गाणाऱ्याला ते लागत नाही, त्याला चिठ्ठी मिळते.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. मैफलीची बातमी लिहिताना कलाकार कधी बसला आणि कधी उठला, एवढ्या दोन वेळा छापा. कोण कोण उपस्थित होते ही यादी त्याच्यानंतर येऊ द्या. दोन-तीन महोत्सवांच्या बातम्या अशा आल्या की आयोजक आपोआप घड्याळ लावायला लागतील, कारण कार्यकर्त्यांना कायद्यापेक्षा पेपरची भीती जास्त असते.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पुन्हा दोन-तीन कार्यक्रम आहेत. कुठल्याही मंडळाला तानपुरे लावून हवे असतील तर मी दुपारी चारला येईन. मानधन नको, चहा मिळाला तर बरं. अट एकच, तानपुरे लावून झाल्यावर त्यांच्यापुढं कुणी भाषण करायचं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर